पर्यावरणपूरक हॉस्टेल: पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

हॉस्टेलच्या इमारती, त्यातली वीज, पाणी, उकाडा, ओल यावर मी काम करतो आणि लिहितो, त्यामुळे प्रश्न येतच राहतात. काही राहणाऱ्या मुलामुलींचे, काही वॉर्डन आणि मेंटेनन्सवाल्यांचे, बरेचसे आर्किटेक्चर शिकणाऱ्यांचे. तेच तेच प्रश्न एकत्र करून इथे ठेवलेत. सोपे आधी, किचकट नंतर. एका उत्तरात आलेलं दुसरीकडे पुन्हा लिहिलेलं नाही, त्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. पर्यावरणपूरक हॉस्टेल म्हणजे नेमकं काय? छतावर सोलर लावलं की झालं ना?

नाही झालं. सोलर लावणं हे सगळ्यात दिसणारं काम आहे म्हणून सगळे तिथून सुरुवात करतात, पण खाली गळकी टाकी, उघडे गरम पाण्याचे पाइप आणि तापलेला स्लॅब असेल तर तुम्ही महागडी वीज तयार करून ती वायाच घालवताय.

तीन गोष्टी बघायच्या. इमारत बांधताना सिमेंट, स्टील, काच यांतून किती कार्बन हवेत गेला, रोज चालवायला किती वीज-पाणी-इंधन लागतं, आणि ती इमारत किती वर्षं, किती जण वापरणार. माझा निकष एकच, आकडा नेहमी माणशी काढायचा, एका विद्यार्थ्यामागे वर्षाला किती युनिट, किती पाणी, किती चौरस मीटर जागा. बहुतेक ब्रोशरमध्ये चौरस मीटरमागे आकडा दिलेला असतो आणि तिथेच फसगत होते, कारण ऐसपैस लॉबी आणि मोठ्या खोल्या बांधल्या की चौरस मीटरमागचा आकडा आपोआप गोंडस दिसायला लागतो, माणशी खर्च मात्र वाढलेला असतो.

२. घर काय नि हॉस्टेल काय, वेगळा विचार कशाला करायचा?

कारण राहणारे वेगळे वागतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. घरात वीज वापरणारा आणि बिल भरणारा एकच असतो. हॉस्टेलमध्ये वापरणारी मुलं, बिल भरतं विद्यापीठ, आणि इमारत बांधली तिसऱ्याच कोणीतरी. दिवा बंद केल्याचा फायदा ज्याला होतो तो त्या खोलीत नाहीच.

दुसरं म्हणजे दर वर्षी अर्धी माणसं बदलतात. 'कृपया दिवे बंद करा'चा बोर्ड वाचून सवय लागेपर्यंत पोरगं पास होऊन निघून जातं आणि पुढच्या वर्षी नवीन बॅच, परत शून्यापासून. म्हणून माझं ठाम मत आहे की ज्या डिझाइनला चालण्यासाठी रोज कुणाच्या तरी शहाणपणाची गरज लागते ते डिझाइन हॉस्टेलमध्ये टिकत नाही. काहीच न करता जे होतं तेच कमी खर्चाचं असायला हवं. जास्त वापरायचं असेल तर मुद्दाम काहीतरी करावं लागेल, अशी उलटी रचना.

तिसरं, रिकामेपणा. सुट्ट्यांमध्ये इमारत ओस आणि परीक्षेच्या आधी रात्रभर जागी (त्याबद्दल प्रश्न १२).

३. हॉस्टेलमध्ये सगळ्यात जास्त ऊर्जा कशात जाते? दिवे-पंखे?

थंड हवेच्या ठिकाणी खोल्या गरम ठेवण्यात, खूप उष्ण ठिकाणी एसी असेल तर एसीत, आणि दोन्हीकडे हमखास वरच्या नंबरात असतं ते अंघोळीचं गरम पाणी. लोकांना हे पटत नाही म्हणून हिशोबच करून दाखवतो.

शॉवरमधून मिनिटाला १० लिटर पाणी येतंय, अंघोळ ८ मिनिटं, म्हणजे ८० लिटर. पाणी २० अंशांवरून ४० अंशांवर न्यायचं. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला साधारण ४.१९ किलोज्यूल लागतात, म्हणजे एकूण ६,७०० किलोज्यूल, म्हणजे जवळपास १.८६ युनिट. तेवढ्या विजेत ९ वॅटचा एलईडी दिवा २०० तासांहून जास्त चालतो, म्हणजे आठ दिवस-रात्र सलग. एका जणाच्या एका अंघोळीत! आणि आपण पोस्टर कशाचं लावतो तर दिवे बंद करा.

आता शॉवरचं तोंड बदलून मिनिटाला ६ लिटरचं लावलं तर तेच गणित १.१ युनिटवर येतं, कुणाला काहीही न सांगता. त्याच पाण्यासाठी साध्या हीटरऐवजी हीट पंप लावला तर तो एक युनिट वीज घेऊन साधारण तीन युनिटांची उष्णता देतो कारण तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतून ओढून आणतो. म्हणजे दोन्ही मिळून १.८६ चं साधारण ०.४ वर आलं. बाकी कुठल्याही बदलाने एवढा फरक पडलेला मी तरी पाहिलेला नाही.

एक गोष्ट मात्र विसरतात, पाइप. मोठ्या इमारतीत नळ उघडल्या उघडल्या गरम पाणी यावं म्हणून ते पाइपमधून चोवीस तास फिरवत ठेवतात. पाइपवर इन्सुलेशन (उष्णता अडवणारं आवरण) नसेल तर रात्री तीन वाजता कुणीही अंघोळ करत नसताना भिंतीच्या आत शेकोटी चालू आहे असं समजा. म्हणून नवीन इमारतीत बाथरूम एकावर एक आणि जवळजवळ ठेवायची, पाइप जितका आखूड तितकं बरं.

४. मग गरम पाण्यासाठी छतावर सोलर हीटरच का नको?

चालतो की, पण आधी सुट्टीचं कॅलेंडर बघा. जिथे कडक उन्हाच्या महिन्यांत मोठी सुट्टी असते तिथे हीटर सगळ्यात जास्त पाणी तापवतो तेव्हा अंघोळीला कुणीच नसतं. पाणी फिरत नाही, पॅनल बेसुमार तापतात, व्हॉल्व्ह आणि रबरी सील खराब होतात. वीज बनवणारे सोलर पॅनल लावून त्यावर हीट पंप चालवला तर रिकाम्या काळातली वीज निदान कॅम्पसमधल्या दुसऱ्या इमारतीला किंवा ग्रिडला देता येते. वर्षभर भरलेलं हॉस्टेल असेल तर मात्र सोलर हीटर अजूनही झकास.

५. बजेट फार कमी आहे, सुरुवात कुठून करू?

शॉवर आणि नळांची तोंडं, गळती, उघड्या गरम पाइपांवर इन्सुलेशन, राहिलेल्या जुन्या ट्यूबलाइटच्या जागी एलईडी. हे सगळं एका सुट्टीत होतं. मग छत: उष्ण ठिकाणी पांढरा परावर्तक थर, थंड ठिकाणी इन्सुलेशन. पंखे लागत असतील तर जुना छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या मोटरचा) पंखा ३० च्या आसपास, आणि हॉस्टेलचे पंखे इतके तास चालतात की बदलायचा खर्च लवकर सुटतो. त्यानंतर हीट पंप, आणि वापर कमी झाला की मग सोलर, कारण तेव्हा पॅनलही कमी लागतात.

खिडक्या बदलायचं काम या यादीत मी मुद्दाम घातलेलं नाही. ते प्रश्न १३ वाचल्याशिवाय करू नका.

६. खोलीची दिशा, छज्जा, समोरासमोर खिडक्या याने आजच्या काळात खरंच काही फरक पडतो?

पडतो, आणि उष्ण ठिकाणी तर खूप. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडचं ऊन दुपारी उंचावरून येतं, ते साध्या आडव्या छज्जाने अडतं (दक्षिण गोलार्धात हेच उत्तरेच्या बाजूला लागू). पूर्व-पश्चिमेचं ऊन तिरकं येतं, तिथे आडवा छज्जा बिनकामाचा, उभ्या पट्ट्या, जाळी किंवा झाडं लागतात. ऊन काचेच्या बाहेर अडवायचं, आत पडदा लावला तर उष्णता आत येऊन गेलेली असते.

पण हॉस्टेलचा खरा घोळ नकाशात असतो. मधे लांब कॉरिडॉर आणि दोन्ही बाजूंना खोल्या, कारण त्यात कमी जागेत जास्त खोल्या बसतात. अशा खोलीला एकाच बाजूने खिडकी, दार बंद केलं की वाऱ्याला बाहेर जायला वाटच नाही. एकाच बाजूने उघडणाऱ्या खोलीत हवा साधारण छताच्या उंचीच्या दुप्पट-अडीचपट अंतरापर्यंतच नीट पोचते, त्याच्या पलीकडे कॉट ठेवली असेल तर तिथे झोपणाऱ्याचं रात्रभर भिजणं ठरलेलं. अशी खोली बांधायचीच असेल तर खिडकीला वर आणि खाली वेगवेगळी उघडणारी तावदानं द्या, गरम हवा वरून जाते, थंड खालून येते. दाराच्या वर झडप ठेवायचा जुना उपाय लोक सुचवतात, त्याबद्दल प्रश्न ७.

अजून एक, जाड भिंती नेहमी चांगल्या असं समजू नका. जाड दगडी किंवा काँक्रीटची भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री ती उष्णता आत सोडते. ऑफिसात रात्री कुणी नसतं, तिथे बरं. हॉस्टेल रात्रीच भरलेलं असतं! त्यामुळे उष्ण ठिकाणी जाड भिंत असेल तर इन्सुलेशन बाहेरून आणि रात्री खिडक्या उघड्या ठेवता येतील अशी सोय, म्हणजे ग्रिल आणि डासांची जाळी, हे दोन्ही हवंच. तळमजल्यावरची मुलं सुरक्षिततेपायी खिडकी बंद करून झोपत असतील तर हवेचा सगळा हिशोब कागदावरच राहतो.

७. दाराच्या वर जाळी किंवा झडप ठेवली तर हवा खेळेल, मग फायरवाले नाही का म्हणतात?

बरोबर म्हणतात. आग लागली की माणसं बहुतेकदा धुराने जातात आणि कॉरिडॉर हा पळायचा रस्ता आहे. प्रत्येक दारावर भोक असेल तर एका खोलीतला धूर काही मिनिटांत सगळा कॉरिडॉर भरून टाकतो. त्यामुळे आगरोधक दार, आपोआप बंद होणारं, हे सोडायचं नाही.

पर्याय आहेत: कॉरिडॉर मधे न घेता एका बाजूला उघडी गॅलरी करायची, किंवा प्रत्येक खोलीची हवा वेगळ्या उभ्या शाफ्टमधून वर न्यायची आणि तिथे आगीत आपोआप मिटणारे डॅम्पर (झडपा) लावायचे, किंवा सरळ यांत्रिक व्हेंटिलेशन. गॅलरीवाला पर्याय मला सगळ्यात आवडतो, फक्त तिथे आवाजाची तक्रार येते आणि थंड प्रदेशात तो चालत नाही.

८. पॅसिव्ह हाउस म्हणजे काय? त्यात खिडक्या उघडता येत नाहीत म्हणे?

येतात उघडता, ही अफवा कुठून निघाली देव जाणे. पॅसिव्ह हाउस म्हणजे जर्मनीत तयार झालेलं एक कडक मानक, पहिली घरं १९९१ साली डार्मस्टाटला झाली. खोल्या गरम ठेवायला वर्षाला चौरस मीटरमागे जास्तीत जास्त १५ युनिट, आणि इमारत इतकी हवाबंद की ५० पास्कल दाबाच्या चाचणीत तासाला आतल्या हवेच्या ०.६ पटीपेक्षा जास्त हवा फटींतून जाता कामा नये. मग ताजी हवा यंत्राने आत येते आणि बाहेर जाणारी हवा जाताजाता आपली उष्णता तिला देऊन जाते.

विद्यापीठांतलं मोठं उदाहरण म्हणजे न्यूयॉर्कला रूझवेल्ट आयलंडवरची कॉर्नेल टेकची 'द हाउस', २६ मजली, २०१७ साली उघडली, आणि तेव्हा ती जगातली सगळ्यात उंच पॅसिव्ह हाउस इमारत होती. हॉस्टेलला हे मानक तसं जुळतं कारण छोट्या छोट्या खोल्यांत खूप माणसं, प्रत्येक माणूस, लॅपटॉप, दिवा थोडी थोडी उष्णता देतच असतो. पण तीच उष्णता उन्हाळ्यात डोक्यावर बसते, त्यामुळे बाहेरची सावली आणि रात्रीची हवा याचा विचार न करता नुसतं इन्सुलेशन कोंबलं तर खोलीची भट्टी होते. आणि फिल्टर. फिल्टर वेळेवर बदलणारा माणूस नेमलेला नसेल तर या भानगडीत पडू नका.

९. लाकडाचं उंच हॉस्टेल खरंच बांधतात? आग लागली तर?

बांधतात. व्हँकुव्हरला युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबियाचं ब्रॉक कॉमन्स टॉलवुड हाउस १८ मजली आहे, उंची ५३ मीटर, ४०० हून जास्त विद्यार्थी राहतात, २०१७ साली उघडलं. कारखान्यात कापून आणलेले लाकडी भाग जोडत गेले आणि लाकडाचा सांगाडा ७० दिवसांच्या आत उभा राहिला. पूर्ण लाकडाचं नाही बरं का, पाया, तळमजला आणि जिना-लिफ्टचे दोन गाभे काँक्रीटचे आहेत. नॉर्वेत ट्रॉन्डहाइमला मोहोल्टची विद्यार्थी वस्ती बघा, नऊ मजली पाच टॉवर, फळ्यांचे आडवे-उभे थर चिकटवून केलेल्या जाड लाकडी पॅनलचे.

आगीचं म्हणाल तर जाड लाकूड आणि काटक्या यात फरक आहे. जाड तुळई जळताना बाहेर कोळशाचा थर धरते आणि आतलं लाकूड हळूहळूच जळतं, मिनिटाला साधारण ०.७ मिलिमीटर, त्यामुळे किती जाडी जास्तीची ठेवायची याचा हिशोब आधीच करता येतो. ब्रॉक कॉमन्समध्ये तर वरून जिप्सम बोर्डाचे थर लावून लाकूड झाकूनच टाकलंय. वर स्प्रिंकलर.

फायदा कुठे? सुक्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो आणि तो इमारत उभी आहे तोवर अडकून राहतो. पण लाकूड पुन्हा लागवड होणाऱ्या जंगलातलं नसेल, किंवा समुद्रापलीकडून आणावं लागत असेल, किंवा वाळवी आणि सततची दमट हवा असेल, तर हा हिशोब नव्याने मांडावा लागतो, सरसकट लाकूड चांगलं असं मी म्हणणार नाही.

१०. जुने शिपिंग कंटेनर वापरून हॉस्टेल केलं तर रिसायकलही होईल आणि स्वस्तही, बरोबर ना?

फोटो छान येतात. आम्स्टरडॅमचं कीटवोनेन हे याचं प्रसिद्ध उदाहरण, १००० च्या आसपास कंटेनर-खोल्या, घरांची टंचाई होती तेव्हा झटपट उभ्या केल्या. झटपट आणि हलवता येण्याजोगं हवं असेल तर ठीक.

पण कंटेनर म्हणजे पत्र्याचा डबा, उन्हात तापतो, थंडीत गारठतो, आत इन्सुलेशन लावलं की मुळात अडीच मीटरपेक्षा कमी असलेली रुंदी अजून कमी होते, आणि खिडकीसाठी पत्रा कापला की त्याची ताकद जाते म्हणून परत स्टीलची चौकट घालायची. जुना कंटेनर असेल तर आधी त्यातून काय वाहून नेलंय आणि तळाच्या प्लायला कोणतं कीटकनाशक लावलंय ते विचारा. कारखान्यात बनवलेल्या तयार खोल्या आणून रचणं हा याच कल्पनेचा जास्त शहाणा प्रकार आहे.

११. आमचं हॉस्टेल जुनं आहे, पाडून नवीन ग्रीन बिल्डिंग बांधणार म्हणतायत. चांगलंय ना?

बहुतेक वेळा नाही. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंट उद्योगातून येतो. जुन्या इमारतीतलं काँक्रीट आणि स्टील आधीच खर्ची पडलंय, ते पाडून नवीन ओतलं की पहिल्याच दिवशी कार्बनचं मोठं कर्ज डोक्यावर, आणि नवीन इमारत कितीही काटकसरी असली तरी ते फेडायला अनेक वर्षं जातात. सांगाडा धड असेल तर तो ठेवून छत, भिंती, पाइप, वायरिंग बदलणं केव्हाही बरं.

सांगाडा धोकादायक असेल, किंवा मजल्याची उंची इतकी कमी की पाइप आणि व्हेंटिलेशन बसतच नाही, तर पाडा. पण 'जुनाट दिसतं' हे काही कारण नाही.

१२. सुट्टीत हॉस्टेल रिकामं असतं तेव्हा सगळं मेन स्विचवरून बंद करून टाकलं तर किती बचत!

थांबा, यात एक खरा धोका आहे. लेजिओनेला नावाचा जिवाणू साचलेल्या कोमट पाण्यात, साधारण २० ते ४५ अंशांत वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातो. टाकी बंद करून सहा आठवडे पाणी तसंच राहिलं आणि मुलं परत आल्यावर एकदम शॉवर चालू केले तर ते महागात पडू शकतं. म्हणून गरम पाण्याची टाकी ६० अंशांवर ठेवतात, आणि रिकाम्या काळातही आठवड्यातून एकदा प्रत्येक नळ-शॉवर काही मिनिटं सोडतात. पूर्ण बंदच ठेवलं असेल तर मुलं यायच्या आधी टाकी ६० च्या वर तापवून सगळे नळ खळखळून सोडायचे. आणि सुट्टीत थांबणाऱ्या मोजक्या लोकांना एकाच विंगमध्ये ठेवून बाकी विंगा बंद करता येतील अशी पाइप आणि वायरिंगची वाटणी डिझाइनमध्येच हवी.

अजून एक गंमत म्हणजे मोरीच्या खाली जो वाकडा पाइप असतो त्यात पाणी साचून राहतं म्हणून गटाराचा वास वर येत नाही. रिकाम्या खोलीत ते पाणी सुकतं. उघडल्यावर येणाऱ्या घाणेरड्या वासाचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं, एक तांब्याभर पाणी ओता, वास थांबतो.

बंद काय करायचं? खोल्यांतले फ्रिज (रिकामे करून, दार उघडं ठेवून), वेंडिंग मशीन, पाणी थंड करणारे कूलर, कॉरिडॉरचे दिवे. फायर अलार्म आणि आणीबाणीचे दिवे कधीच नाही. दमट हवेत थोडं व्हेंटिलेशन चालू ठेवा.

१३. नवीन घट्ट बसणाऱ्या खिडक्या लावल्या आणि भिंतीवर बुरशी आली. ग्रीन म्हणतात ते हेच का?

अर्धंच काम केल्याचा परिणाम आहे हा. जुन्या फटींतून उष्णता जायची तशी ओलही जायची. फटी बुजवल्या, हवा जायची दुसरी सोय केली नाही, की ओल थंड भिंतीच्या कोपऱ्यात आणि कपाटामागे जमते. दोघं जण बंद खोलीत झोपले तर सकाळी आतला कार्बन डायऑक्साइड २००० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २००० भाग) वर जाणं सहज शक्य आहे, बाहेर तो ४२० च्या आसपास असतो. डोकं जड होतं ते उगाच नाही.

आणि कपडे! एका मशीनभर ओल्या कपड्यांतून दीड-दोन लिटर पाणी हवेत जातं. मुलं कपडे कुठे वाळत घालतात? कॉटच्या दांडीवर, खुर्चीवर, पंख्याखाली दोरी बांधून. वॉर्डन त्यासाठी दंड लावतो. अहो पण वाळत घालायला जागा दिलीय का तुम्ही? प्रत्येक मजल्यावर किंवा गच्चीवर छप्पर असलेली, वारा खेळणारी, कुलूप लावता येईल अशी वाळवणाची खोली द्या. चोरीची भीती असेल तर कुणी तिथे कपडे ठेवत नाही, म्हणून कुलूप. नकाशात असली खोली मला क्वचित दिसते, जिम मात्र हमखास.

१४. स्वतंत्र बाथरूम आणि स्टुडिओ खोल्या चांगल्या की एकत्र बाथरूम-किचन?

पर्यावरणाच्या बाजूने एकत्र. सहा-आठ जणांत एक किचन म्हणजे एक फ्रिज, एक शेगडी, एक एक्झॉस्ट. स्टुडिओ म्हणजे प्रत्येकाचा छोटा फ्रिज, आणि छोटे फ्रिज आकाराच्या मानाने वीज जास्त खातात. शिवाय माणशी बांधकाम वाढतं.

पण एकत्र म्हणजे वीस जणांत एक किचन असं केलं तर ते कुणाचंच राहत नाही, घाण होतं, मग मुलं लपून खोलीत इंडक्शन आणतात आणि वायरिंगवर ताण येतो. सहा ते आठ हा आकडा मला बरा वाटतो, त्यात प्रत्येकाला माहीत असतं की ते करपलेलं भांडं कुणाचं आहे.

१५. मीटर आणि स्क्रीन लावून मजल्या-मजल्यांची स्पर्धा घेतली तर वीज वाचते का?

वाचते, काही काळ. अमेरिकेतल्या ओबर्लिन कॉलेजात २००५ साली दोन आठवड्यांची स्पर्धा झाली, त्याचा अभ्यास छापून आलेला आहे. सरासरी विजेचा वापर ३२ टक्क्यांनी कमी झाला. ज्या दोन हॉस्टेलांना चालू वापर लगेच स्क्रीनवर दिसत होता तिथे ५५ टक्के, बाकीच्यांना आठवड्यातून एकदा आकडा कळायचा तिथे ३१ टक्के. पाण्याचा वापर मात्र जेमतेम ३ टक्क्यांनी उतरला.

यातून मी काय घेतो? आकडा लगेच दिसणं कामाचं आहे, पण दोन आठवडे माणूस अंधारातही बसतो, वर्षभर नाही बसत. म्हणून मीटर लावा ते मुलांसाठी कमी आणि मेंटेनन्ससाठी जास्त. मजलावार मीटर असेल तर रात्री तीन वाजताचा पाण्याचा आकडा बघा, तो शून्याच्या जवळ नसेल तर कुठेतरी गळतंय.

१६. पाणी वाचवायला ग्रे वॉटर (अंघोळीचं वगैरे वापरलेलं पाणी) पुन्हा वापरायचा प्लँट टाकावा का?

आधी गळती. फ्लशच्या टाकीतून भांड्यात गुपचूप झिरपणारं पाणी आवाजही करत नाही. टाकीत खाण्याचा रंग टाका, अर्धा तास फ्लश करू नका, भांड्यात रंग उतरला तर वॉशर गेलाय. जुनी टाकी एका फ्लशला १० लिटरच्या वर घेते, दोन बटणांची ३ आणि ६ लिटर. एवढं करून मग ग्रे वॉटर.

हॉस्टेलला ग्रे वॉटर तसं जमतं कारण अंघोळीचं पाणी भरपूर आणि फ्लशची गरजही तिथेच. अटी तीन: कच्चं पाणी २४ तासांपेक्षा जास्त साठवायचं नाही नाहीतर सडतं, पाइप वेगळ्या रंगाचे आणि ठळक खुणा केलेले (प्लंबरने चुकून जोडणी केली तर तेच पाणी पिण्याच्या नळाला), आणि चालवणारा माणूस. बंद पडलेले प्लँट मी ठिकठिकाणी बघतो, मशीन चांगलं असतं, माणूस नसतो. चालत्या इमारतीत नव्याने दुहेरी पाइप टाकणं फार खर्चिक, नवीन बांधताय तर आत्ता प्लँट नसला तरी पाइप दुहेरीच टाकून ठेवा.

१७. हिरवी भिंत, गच्चीवरची बाग?

गच्चीवरची बाग पाऊस धरून ठेवते आणि वरचा मजला थंड ठेवते, स्लॅबला वजन पेलत असेल तर जरूर करा, सोलर पॅनलखालीही चालते. हिरवी भिंत म्हणजे पंप, ठिबक, कुंड्या आणि सुट्टीत वाळलेली झाडं. त्या पैशात अंगणात खरी झाडं लावा.

१८. इमारतीला मोठं ग्रीन रेटिंग मिळालंय म्हणजे वीज कमी लागतेच ना?

लागेलच असं नाही. ब्रिटनचं ब्रीअम १९९० पासून आहे, अमेरिकेचं लीड, भारतातलं गृह, या सगळ्यांनी विषय पुढे नेला हे मान्य. पण रेटिंगचे गुण बऱ्याच अंशी नकाशावरच्या अंदाजावरून मिळतात आणि ते साहित्य, जागा, सायकल स्टँड अशा अनेक गोष्टींत विभागलेले असतात. प्रत्यक्ष वापर अंदाजापेक्षा जास्त निघणं ही नेहमीचीच गोष्ट आहे. म्हणून फलकावर न जाता एकच मागा, मागच्या दोन वर्षांचं माणशी वीज आणि पाणी. इमारत चालवणाऱ्याला तो आकडा माहीतच नसेल तर ते उत्तरही बरंच काही सांगून जातं.

१९. कॉमन रूममध्ये सेन्सरचे दिवे लावलेत, अभ्यास करताना सारखे बंद होतात. हात हलवत बसायचं का?

नाही, चुकीचा सेन्सर लावलाय. साधा सेन्सर हालचाल बघतो आणि वाचणारा माणूस हलत नाही. अभ्यासिकेत जास्त बारीक हालचाल टिपणारा सेन्सर हवा किंवा वेळ वीस मिनिटांपर्यंत वाढवा, ते सेटिंग बहुतेकदा सेन्सरच्या टोपणाखालीच असतं, मेंटेनन्सला सांगा. खोल्यांत आणि कॉमन रूममध्ये दिवा हाताने लागेल पण आपोआप बंद होईल असा प्रकार ठेवायचा, दोन्ही आपोआप केलं तर नुसतं दारातून डोकावलं तरी सगळे दिवे लागतात. जिन्यात पूर्ण अंधार कधीच नको, मंद राहून माणूस आला की वाढणारे दिवे लावा.

२०. हॉटेलसारखं कार्ड काढलं की खोलीची सगळी वीज बंद, हे हॉस्टेलमध्ये करावं का?

सगळी नाही. ज्याचं इन्सुलिन छोट्या फ्रिजमध्ये आहे, ज्याची व्हीलचेअर दिवसा चार्जिंगला लागते, त्याचं काय? असं कार्ड लावायचंच तर ते दिवे, पंखा, एसी एवढ्याच सर्किटला लावा आणि एक प्लग कायम चालू ठेवा. तो कायमचा प्लग सगळ्याच खोल्यांत द्या, नाहीतर कुणाला काय आजार आहे हे खोलीच्या वायरिंगवरून कळायला लागेल. आणि हो, कुठलंही जुनं प्लास्टिकचं कार्ड त्या फटीत घालून मुलं पहिल्याच आठवड्यात हे सगळं निकामी करतात, त्यामुळे कार्डापेक्षा दाराच्या कुलुपाशी जोडलेला स्विच बरा.